गाईच्या कासेला दगडी झाली तर: कोरफड, हळद आणि चुन्याचा लेप कसा करायचा, किती वेळा लावायचा आणि डॉक्टरला कधी बोलवायचं

डेअरीच्या पावतीवर फॅट तेवढंच आहे आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घट्ट भाग) मात्र दोन-तीन दिवसांत ८.५ वरून ८.१ वर आलंय, असं दिसलं की आपल्याकडे दोन गोष्टी होतात. कुणी पेंड बदलतो, तर कुणी मशीनवाल्याशी भांडतो. त्याआधी कासेला हात लावून बघावा. कास सुजलेली दिसत नसली तरी एखाद्या सडात दगडीची, म्हणजे कासदाहाची, सुरुवात झालेली असू शकते. दूध कर्नाटकातल्या नंदिनीला जावो की कोल्हापूरकडच्या संघाला, पैसे फॅट आणि एसएनएफवरच मिळतात, आणि कासदाहात एसएनएफला मार बसतो.

बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणी, चिकोडी, हुक्केरी, खानापूर या भागात दगडीवर झाडपाल्याचे उपाय पूर्वीपासून चालत आले आहेत. त्यातले बरेचसे एकाचं ऐकून दुसऱ्याने केलेले असतात. मापाचा पत्ता नसतो, आणि सकाळी एकदा लेप फासून 'गुण येत नाही' म्हणून सोडून दिलं जातं. या लेखात मी मुख्यतः एकाच लेपाबद्दल लिहिणार आहे: कोरफड, हळद आणि चुना. तंजावरचे पशुवैद्य प्रा. एन. पुण्यमूर्ती यांनी पारंपरिक उपचारांना नेमकी मापं बसवली. आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने आणि बंगळूरच्या ट्रान्सडिसिप्लिनरी विद्यापीठाने ते उपचार दूध उत्पादकांपर्यंत नेले. त्यातला हा सगळ्यात वापरात असलेला लेप. यातला माल आपल्या परसात आणि परड्यात मिळतो. निपाणीसारख्या तंबाखूच्या गावात चुना मिळत नाही, असं तर कुणीच म्हणू शकणार नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो. हा लेप डॉक्टरची जागा घेत नाही. सौम्य आणि नुकत्याच सुरू झालेल्या दगडीत तो उपयोगी पडतो. म्हणून लेप शिकण्याआधी दगडी लवकर ओळखायला शिकलं पाहिजे.

आधी ओळखा, मग कोरफड कापा

धार काढताना पहिल्या तीन-चार चिळा काळ्या कपड्यावर किंवा गडद रंगाच्या ताटलीत घ्या. प्रत्येक सडाच्या वेगळ्या. पांढऱ्या भांड्यात गुठळी दिसत नाही, काळ्यावर लगेच दिसते. बारीक कण, दोऱ्यासारखे तंतू, पाणचट दूध, पिवळसर किंवा लालसर झाक यातलं काहीही दिसलं की त्या सडात बिघाड आहे. याला पैसा लागत नाही की वेळ लागत नाही. तरी दहा गोठ्यांत एखाद्याच ठिकाणी हे होताना दिसतं, कारण पहिल्या चिळा जमिनीवर मारायची सवय असते. ती सवय मोडा. त्याच दुधातून रोगाचे जंतू जमिनीवर पडतात आणि जनावर त्याच जागेवर बसतं.

कास सुजत नाही, दूध डोळ्याला चांगलं दिसतं, तरीही आत दाह असतो, अशी दगडी सगळ्यात जास्त. तिला सुप्त कासदाह म्हणतात. ती पकडायला घरच्या घरी एक चाचणी करता येते. अर्धा लिटर पाण्यात कपडे धुण्याची पावडर १५ ग्रॅम, म्हणजे साधारण तीन चहाचे चमचे, विरघळवून ठेवा. चार वाट्या घ्या, चार सडांचं थोडं थोडं दूध वेगवेगळ्या वाटीत काढा आणि प्रत्येकीत दुधाएवढंच हे पाणी घाला. वाटी मिनिटभर गोल फिरवा. निरोगी सडाचं मिश्रण पातळच राहतं. आजारी सडाचं मिश्रण घट्ट होत जातं, दाह जास्त असेल तर शेंबडासारखं ओढलं जातं. दाह झाला की शरीर त्या सडात पांढऱ्या पेशी पाठवतं. साबणाने त्या फुटतात आणि त्यांच्यातल्या द्रव्यामुळे दुधाला तार सुटते. दवाखान्यात चार खणांच्या पट्टीवर जी चाचणी करतात, तिचंही तत्त्व हेच. व्यायल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत आणि गाय आटत आलेली असताना ही चाचणी चुकीची दाखवते, तेव्हा ती करू नका. महिन्यातून एकदा, एकच दिवस ठरवून सगळ्या दुभत्या जनावरांची केली तरी पुरेशी.

हाताने बघण्यातही शिस्त लागते. धार काढून कास रिकामी झाल्यावर दोन्ही हातांनी चारही भाग चाचपा. एक भाग दुसऱ्यापेक्षा गरम लागतो का, कडक लागतो का, दाबल्यावर गाय पाय उचलते का, ते बघा. आत खोलवर लिंबाएवढी टणक गाठ लागली, तर दुखणं जुनं आहे असं समजा.

ही लक्षणं दिसली तर लेपाच्या नादाला लागू नका

गाईच्या अंगात १०४ अंश फॅरनहाइटच्या वर ताप आहे (गाईचं नेहमीचं तापमान १०१.५ च्या आसपास असतं), वैरण सोडली, रवंथ बंद, डोळे खोल गेले, कान थंड, दूध पिवळं पाणी, असं काही दिसलं तर लगेच जनावरांच्या डॉक्टरला बोलवा. कास निळी-काळी पडून गार लागत असेल तर तिचा तो भाग मरायला लागलेला असतो, तिथे एक रात्रही थांबू नका. नुकती व्यालेली गाय कासेच्या दुखण्यासोबत खाली बसली आणि उठेना, तर तेही तातडीचंच. ई-कोलाय जंतूच्या तीव्र कासदाहात विष रक्तात जातं आणि चांगली दुधाळ गाय एका दिवसात हातची जाते. अशा वेळी सलाइन, दाह उतरवणारं इंजेक्शन आणि अँटिबायोटिक हेच तिला वाचवतात.

१९६२ या टोल-फ्री क्रमांकावर फोन केला की फिरता पशुवैद्यकीय दवाखाना गोठ्यापर्यंत येतो. आपल्या भागात एक व्यवहाराची अडचण असते. फोन उचलणारा किंवा येणारा डॉक्टर कन्नड बोलणारा असू शकतो. 'केच्चलु बावु' एवढे दोन शब्द लक्षात ठेवले की कासदाहाचं काम होतं. मग ताप किती, कोणता सड, कधीपासून, व्यायला किती दिवस झाले, हे चार मुद्दे एका कागदावर लिहून ठेवा. थर्मामीटर औषधाच्या दुकानात मिळतं. ते घरात असलं तर अर्धी घबराट कमी होते.

साहित्य

एका गाईला एका दिवसासाठी:

- कोरफडीची पानं २५० ग्रॅम, म्हणजे दोन-तीन जाड पानं
- हळद पूड ५० ग्रॅम
- चुना १५ ग्रॅम
- लिंबं, खायला घालण्यासाठी (ती वेगळी, पुढे सांगतो)

म्हशीलाही हेच माप चालतं.

कोरफड घरची असावी. पान बुडाशी कापायचं. कापल्यावर पिवळा चीक गळतो, तो पाच-दहा मिनिटं निथळू द्या आणि पान धुवा. कडेचे काटे सुरीने काढा, साल काढायची गरज नाही. कोवळी, बोटाएवढी पानं घेऊ नका, त्यांत गर नसतो. बाजारातलं बाटलीतलं जेल या कामाला चालत नाही, त्यात रंग आणि टिकवायचे पदार्थ घातलेले असतात.

हळदीत फसगत फार. सुट्ट्या पुडीत पिवळा रंग मारलेला असू शकतो. रायबाग-चिकोडीकडे हळद पिकते, कुणाच्या ना कुणाच्या घरी हळकुंडं असतातच. ती आणा, उन्हात कडक वाळवा आणि गिरणीतून दळून आणा. माणसांच्या भाजीलाही हीच वापरा, मग वेगळी ठेवावी लागणार नाही.

चुना म्हणजे विरवलेला, पानाला किंवा तंबाखूला लावतो तो. कळीचा चुना, ज्यावर पाणी पडलं की वाफा येतात, तो चुकूनही घेऊ नका. त्याने कातडी भाजते आणि कासेची कातडी तर फारच नाजूक. घराला रंग द्यायचा चुना विरवून दोन-तीन दिवस झाले असतील आणि त्यात निळ किंवा डिंक घातलेला नसेल, तर चालतो. पंधरा ग्रॅम म्हणजे ओल्या चुन्याची मोठ्या सुपारीएवढी गोळी. इथे अंदाजाने 'थोडा जास्तच घालू' असं करायचं नाही.

लेप तयार करणे

कोरफडीचे तुकडे मिक्सरमध्ये टाका, त्यावर हळद, त्यावर चुना, आणि फिरवा. पाणी घालायचं नाही, कोरफडीचा स्वतःचा ओलावा पुरतो. मिक्सर नसेल तर पाट्यावर वाटा. पूर्वीचे लोक पाट्यावरच करत. झाकण उघडल्यावर आत पिवळं मिश्रण दिसलं तर काहीतरी चुकलंय. ते विटकरी, लालभडक झालेलं असलं पाहिजे. हळदीतलं कर्क्युमिन चुन्याच्या क्षारात लाल होतं, हळदीपासून कुंकू करतात ते याच गुणावर. लाल रंग आला म्हणजे चुना ताकदीचा आहे आणि हळदीत हळद आहे, दोन्हींची परीक्षा एकदम होते. रंग नुसता नारिंगी राहिला तर चुना जुना आणि हवेने मेलेला आहे, नवीन आणा.

हा रंगाचा बदल नुसता दिसण्यापुरता नसतो. कर्क्युमिन साध्या पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, क्षारयुक्त पाण्यात विरघळतं, म्हणून ते कातडीवर पसरू शकतं. पण त्याच क्षारात ते टिकतही नाही, तासागणिक मोडत जातं. म्हणून लेप रोजच्या रोज ताजा करायचा. एकदा वाटून पाच दिवस फ्रिजमध्ये ठेवलेला लेप लालच दिसेल, पण त्यात जोर उरलेला नसेल. सकाळी वाटलेला लेप त्या दिवशी रात्रीपर्यंत, झाकून, सावलीत. उरला तर उकिरड्यावर.

लावणे: इथेच बहुतेकांचं बिनसतं

पहिलं काम आजारी सड पूर्ण रिकामा करणं. दुखत असेल तर हळू, पण शेवटच्या चिळेपर्यंत. आत राहिलेलं खराब दूध म्हणजे जंतूंचं खाद्य, त्यावर बाहेरून काही लावून उपयोग नाही. दूध भांड्यात काढा, त्यात फिनेल किंवा चुना घालून गोठ्यापासून लांब खड्ड्यात ओता. हात साबणाने धुवा. हे सगळं निरोगी जनावरांच्या धारा काढून झाल्यावर, आजारी गाय सगळ्यात शेवटी, आणि तिच्यातही आजारी सड सगळ्यात शेवटी.

मग संपूर्ण कास स्वच्छ पाण्याने धुवा आणि फडक्याने टिपून घ्या.

वाटलेल्या लेपातून एक मूठ घ्या, त्यात दीडशे ते दोनशे मिली पाणी घाला आणि ढवळून ताकाएवढं पातळ करा. जाड लेप थापायचा नाही. जाड थर अर्ध्या तासात वाळतो, तडकतो आणि खाली पडतो. पातळ पाणी हाताने चारही भागांवर, सडांवर, कासेच्या मागच्या बाजूला मांड्यांच्या मधे सगळीकडे चोळून लावा. सूज एका सडाला असली तरी पूर्ण कासेला लावायचं.

आता वेळांचं. दिवसातून दहा वेळा, पाच दिवस. हो, दहा. हे ऐकून लोक हसतात आणि मग दोनदा लावतात. दोनदा लावून गुण आला नाही, तर तो या लेपाचा दोष नाही. प्रत्येक वेळी आधीचं धुऊन टाका आणि मुठीतलं नवीन पातळ करून लावा. २५० ग्रॅम कोरफडीच्या वाटणाच्या दहा मुठी होतील, असा मुठीचा अंदाज ठेवा, म्हणजे दिवसभर पुरतं. पहाटे धारेनंतर सुरुवात केली आणि रात्री झोपण्याआधी शेवटचं लावलं, तर साधारण दर दीड-पावणेदोन तासाला एकदा होतं. दुपारी शेतात जाणाऱ्या माणसाला हे जमणार नाही. घरी असणाऱ्यालाच हे काम द्यावं लागतं, आणि घरी कोण असतं ते आपल्याला माहीत आहे. तरी दुग्ध संस्थेच्या प्रशिक्षणाला पुरुषांनाच पाठवतात. बाईला लेप दाखवा, माप तिला सांगा, कारण धारही तीच काढते आणि कासेतला फरक पहिल्यांदा तिच्याच हाताला कळतो.

ऊसतोडीच्या दिवसांत सगळं घर रानात असतं आणि दहाच्या जागी सहा वेळाच जमतं. सहा वेळा लावणं अजिबात न लावण्यापेक्षा बरं, पण मग गुणाची अपेक्षाही तेवढीच ठेवा आणि डॉक्टरला बोलवायला उशीर करू नका.

सडाला भेगा पडल्या असतील किंवा जखम असेल तर चुना झोंबतो. गाय लाथ मारते आणि पुढच्या वेळी जवळ येऊ देत नाही. अशा सडाच्या भेगांवर नुसता कोरफडीचा गर लावा, चुन्याचा लेप कासेच्या बाकीच्या भागावर. पहिल्यांदा लावताना थोड्या जागेवर लावून पंधरा मिनिटं बघा. कातडी लाल होऊन पुरळ आली तर चुना कमी करा.

पोटातून काय द्यायचं

दोन लिंबं अर्धी कापून गाईला खाऊ घालायची, सकाळी आणि संध्याकाळी, असं तीन दिवस. पहिल्यांदा गाय तोंड फिरवते. गुळाचा खडा लावून दिलं की घेते. भुश्शात लपवून दिलं तर ती बरोबर भुस्सा खाते आणि लिंबू गव्हाणीत ठेवते.

दुधातून रक्त येत असेल तर लेप चालू ठेवून कढीपत्त्याची दोन मुठी पानं आणि गूळ वाटून गोळा करा. तो दिवसातून दोनदा, रक्त थांबेपर्यंत. पण रक्त सड चिरल्यामुळे, धार जोरात ओढल्यामुळे किंवा वासराने धडक मारल्यामुळे येतंय का, हेही बघा. दोन दिवसांत थांबलं नाही तर डॉक्टर.

रोज काय बघायचं

पहिल्या चोवीस तासांत गरमपणा थोडा तरी उतरला पाहिजे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गुठळ्या कमी, दूध पांढऱ्याकडे, गाय सड धरू देते, असं होत गेलं तर पाच दिवस पूर्ण करा. तिसऱ्या दिवशी दूध चांगलं दिसलं म्हणून सोडू नका. उलट, पहिल्या चोवीस तासांत सूज वाढली, ताप आला किंवा दुसरा सड बिघडला, तर लेप बाजूला ठेवा आणि डॉक्टरला बोलवा. डॉक्टर आल्यावर काय काय लावलं आणि खाऊ घातलं ते खरं खरं सांगा. लपवण्यासारखं त्यात काही नाही, आणि इंजेक्शन चालू असताना बाहेरून लेप चालू ठेवायला बहुतेक डॉक्टरांची हरकत नसते.

साबणपाण्याची चाचणी मात्र बरं झाल्यावरही दोन-तीन आठवडे घट्टपणा दाखवू शकते, कारण पांढऱ्या पेशी सडातून लगेच जात नाहीत. त्यावरून घाबरून पुन्हा नव्याने उपचार सुरू करू नका. महिनाभराने चाचणी करून ठरवा.

काही सौम्य दगड्या काहीही न करता, नुसत्या वारंवार पिळण्यानेही बऱ्या होतात. म्हणून एका गाईला गुण आला की लेप रामबाण ठरत नाही. उलट स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू कासेच्या आत गाठी करून बसला तर कोरफडही हरते आणि महागडं अँटिबायोटिकही हरतं. एकाच सडाला वर्षात तीनदा दगडी झाली, आत गाठ लागते, तर दुधाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवून कोणता जंतू आणि कोणतं औषध लागू पडतं ते तपासून घ्या. नमुना घेताना सडाचं टोक स्पिरिटच्या कापसाने पुसा, पहिल्या चिळा टाका, निर्जंतुक बाटलीत दूध घ्या, बर्फात ठेवा आणि त्याच दिवशी पोचवा. घरातल्या तेलाच्या बाटलीत नेलेला नमुना काहीच सांगत नाही.

दुधाचं काय करायचं

आजारी सडाचं दूध डेअरीला घालू नका, वासराला पाजू नका, घरात चहाला वापरू नका. झाडपाल्याचा उपचार चालू आहे म्हणजे दूध चांगलं, असा गैरसमज पसरला आहे. लेपाने सडातलं दूध दूषित होत नसलं तरी रोगाने ते दूषित झालेलंच असतं.

निरोगी तीन सडांचं दूध घालताना कास स्वच्छ धुऊन, पुसून मगच धार काढा. हळदीचा एक थेंबही कॅनमध्ये गेला तर दूध पिवळं दिसतं. त्याहून मोठा धोका चुन्याचा. आंबलेलं दूध लपवायला सोडा-चुना घालणाऱ्यांना पकडण्यासाठी डेअरीत क्षाराची चाचणी करतात. तुमच्या कॅनमध्ये लेपातला चुना गेला तर तुम्हीही भेसळवाले ठरू शकता. एकदा नाव खराब झालं की खुलासा कुणी ऐकत नाही.

अँटिबायोटिक दिलेल्या गाईचं दूध किती दिवस बाजूला ठेवायचं ते औषधाच्या लेबलवर लिहिलेलं असतं. देशाच्या औषध नियमांत २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, औषधासाठी तपासून ठरवलेला काळ नसेल तर दुधासाठी किमान ७ दिवस धरायचे. सडात औषधाची ट्यूब मारली आणि संध्याकाळी दूध घातलं, हे आपल्या भागात सर्रास चालतं. सौम्य दगडीत लेप वापरावा असं मला वाटतं त्याचं मोठं कारण हेच आहे. सात दिवसांचं दूध फेकावं लागत नाही, आणि अँटिबायोटिकचा डोस खऱ्या गरजेसाठी राखला जातो. अर्धवट कोर्सने जंतू निर्ढावतात. मग ज्या दिवशी गाय खरोखर मरणाच्या दारात असते, त्या दिवशी औषध लागू पडत नाही.

दगडी नसलेली सूज

पहिलारू कालवड व्यायच्या आधी कासेला आणि बेंबीपर्यंत सूज येते. बोट दाबलं तर खळगा पडतो आणि हळूहळू भरतो, कास गरम नसते, चीक चांगला असतो. ही पाणी उतरल्याची सूज. आधी काळ्या कपड्यावर चीक बघून दगडी नाही याची खात्री करा. मग तिळाचं किंवा मोहरीचं २०० मिली तेल तापवा, त्यात मूठभर हळद आणि लसणाच्या दोन ठेचलेल्या पाकळ्या घाला. वास सुटला की उतरवा, कोमट होऊ द्या आणि सुजेवर गोल गोल, थोडा दाब देऊन चोळा. दिवसातून चार वेळा, तीन दिवस. दगडीच्या कासेला हे तेल चोळू नका.

हे करू नका

सडाच्या छिद्रात काहीही घालायचं नाही. कडुलिंबाच्या पानाचा देठ लोणी-हळदीत बुडवून बंद सडात सरकवायची पद्धत सांगितली जाते, काही माहितीपत्रकांतही ती दिसते. मी ती कुणाला सांगत नाही. सडाच्या टोकाला आतून केराटिनचा पातळ थर असतो, तोच जंतूंना अडवतो. गोठ्यातल्या हातांनी काडी घातली की तो थर खरवडतो आणि बाहेरची घाण आत जाते. सड बंद असेल तर डॉक्टर निर्जंतुक नळीने बघतील. सायकलची स्पोक, सुई, कोंबडीचं पीस यातलं काहीही चालत नाही.

रुईचा चीक, बिब्बा आणि डाग देणं हेही बंद करा. सूज 'फोडायची' कल्पनाच चुकीची आहे, कास म्हणजे गळू नव्हे.

गोठ्याची बाजू

धार मुठीने काढा. अंगठा मुडपून काढली की सडाला आतून इजा होते आणि गाय व्येतागणिक बिघडत जाते. धार झाल्यावर सडाचं छिद्र अर्धा-पाऊण तास उघडं राहतं. त्या वेळात गाय बसली तर जंतू थेट आत. म्हणून वैरण धारेनंतर टाका, खाण्यासाठी ती उभी राहते. धारेनंतर चारही सड पोव्हिडोन आयोडीन या जंतुनाशकाच्या पातळ द्रावणात बुडवा, द्रावणाचं प्रमाण डॉक्टरला विचारून घ्या. झाडपाला आवडणाऱ्यांनाही माझा आग्रह आहे की ही एक बाटली घरात असू द्या.

खानापूर तालुक्यात पावसाळ्यात गोठा सुकतच नाही. चिकोडी-निपाणीकडे उसाचं पाचट अंथरतात. ते कोरडं असेपर्यंत चांगलं, ओलं झालं की त्यात जंतू वाढतात. रोज ओलं पाचट काढा, खाली चुन्याची भुकटी किंवा चुलीतली राख टाका, मग कोरडं पसरा. गाय आटवताना डॉक्टरचा सल्ला घ्या, कारण आटलेल्या काळात आत राहिलेला रोग व्यायल्यावर उफाळतो.

कोरफड किती लावायची

पाच दिवसांच्या उपचाराला दहा ते पंधरा पानं लागतात. एका मोठ्या रोपाची एका वेळी तीन-चार पानंच काढावीत, बुडाकडची, मधला कोंब राखून. म्हणजे एका गाईसाठी चार-पाच वाढलेली रोपं हवीत. दोन-तीन गाई असतील तर दहा-बारा लावा. नवीन रोपाला जाड पानं धरायला आठ-दहा महिने लागतात, म्हणून ही तयारी दगडी व्हायच्या आधीची. अथणीकडच्या कोरड्या रानात कोरफड सहज येते. खानापूरच्या पावसात मुळं कुजतात, तिथे ती बांधावर, मुरूम-वाळू घालून उंचवट्यावर लावा किंवा फुटक्या बादलीत, तळाला भोकं पाडून, वळचणीच्या पाण्यापासून लांब ठेवा. पाणी आठवड्यातून एकदा पुरतं, शेणखत मूठभर. बाजूला फुटलेली पिल्लं काढून शेजाऱ्याला द्या, त्याच्या गोठ्यातली दगडी दूध काढणाऱ्याच्या हातावरून तुमच्या गोठ्यात येऊ शकते.